कडी

कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक टोक
खडकातल्या लोखंडी कडीला बांधलंय.
कडी कमरेइतक्या उंचीवर.
सहा पिढ्यांमागे कुणी एक मॅत्स
तिला होडी बांधायचा.
आता समुद्र बघायला पोटमाळ्यावर चढावं लागतं,
आणि मधल्या बर्चच्या झाडांमुळे
तिथूनही धड दिसत नाही.

इथे, वासाच्या उत्तरेला,
पायाखालची जमीन सरकत नाही,
वर येते.
वर्षाला आठेक मिलिमीटर. नखंसुद्धा याहून घाईत वाढतात.
तीन किलोमीटर जाड बर्फ
कधीकाळी हिच्या छातीवर बसला होता.
तो उठून गेला, त्याला दहा हजार वर्षं झाली,
तरी पाहुणा उठल्यावर गादी फुगावी
तशी ही अजून फुगतेच आहे.
कुणी बाण सोडला नाही,
समुद्राला कुणी हट म्हटलं नाही.
तो आपणहून, न भांडता,
मागे मागे जातोय.

भांडतो ते आम्ही.
दर मार्चात, अग्निशमन दलाच्या खोलीत,
दालचिनीचे पाव आणि पातळ कॉफी घेऊन.
वर आलेली जमीन कुणा एकाची नसते,
जुन्या पाण्याच्या वाटेकऱ्यांची असते, अपूर्णांकांत.
आमचे दोनशेचाळीसातले सात भाग,
होल्गेरचे नऊ.
बाबांचं आणि होल्गेरचं चाळीस वर्षं बिनसलं होतं
ते एका खडकापायी.
तो हातभर पाण्याखाली होता
तेव्हा होल्गेरच्या बोटीचा पंखा त्याच्यावर तुटला.
आता त्याचं टक्कल बाहेर आलंय, कुरव बसतात.
होल्गेर म्हणतो, माझा. मी किंमत मोजलीय.
बाबा म्हणायचे, खुणेची फांदी मी रोवली होती,
तुला दिसली नाही.

जमीन आली म्हणून लगेच पेरता येत नाही.
समुद्राचा काळा गाळ, वारा लागला की आंबतो.
चर खणला तर पाणी गंजाच्या रंगाचं,
आणि ओढ्यात मासे, पांढरी पोटं वर करून.
आईनं तीन वर्षं चुना टाकला,
मग कुठे बटाटे.
बोटं भेगाळलेली, त्यांना मेंढीची चरबी चोळत
ती म्हणायची, कोवळी आहे अजून,
दमानं घ्या.

या उन्हाळ्यात बोटघर हलवलं. तिसऱ्यांदा.
खाली गोल ओंडके, पुढे ट्रॅक्टर.
आतल्या फळीवर बाबांचं पेन्सिलीतलं अक्षर:
'१४ मे. पुन्हा गाळ उपसला. पाठ गेली.'
खाली दुसऱ्या वर्षी, तीच तारीख:
'तेच.'
बाबा या वेळी नव्हते.
त्र्याऐंशी वर्षांचा होल्गेर खुर्ची घेऊन आला,
आणि दिवसभर बसून
सगळ्यांना चुकीच्या सूचना देत राहिला.

सिक्स्टेन विचारतो, स्वीडनला चालत कधी जाता येईल?
दोनेक हजार वर्षांनी, म्हणतात.
शाळेची सहल असेल का?
काय सांगू. हल्ली समुद्रही चढतोय म्हणे.
तो आणि जमीन, एकाच जिन्यावर
धापा टाकणारे दोन म्हातारे.
आपण खालून बघायचं.

नोव्हेंबरात वादळ झालं.
रात्री टॉर्च घेऊन बाहेर आले
तर खडकाच्या पायाशी पाणी,
कडीच्या खाली,
बर्चच्या पानांसकट चुळबुळत होतं.
घाईनं कपडे काढले, दोरी सोडली.
आत फोन वाजत होता. होल्गेर.
खडक दिसतोय का तुमच्याकडून?
नाही, म्हटलं. बुडाला असेल.
थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला.
मग म्हणाला, आज नको भांडायला तर,
आणि झोपायला गेला.

सकाळी पाणी गेलं होतं.
दोरी पुन्हा बांधली.
एक मोजा सापडला नाही.